सोमवारी फुंकणारे

सकाळी ६.४०

सोमवारचा पहिला फोन दुकान उघडायच्या आधी येतो. कंपनीची चोवीस तासांची हेल्पलाइन आहे, तिचा नंबर हँडसेटवर चिकटवलेला असतो, तरी माणूस शोधतो तो ज्याने गाडीत इंटरलॉक बसवलं त्याचाच नंबर. इंटरलॉक म्हणजे दारू पिऊन चालवताना पकडलेल्यांच्या गाडीतलं यंत्र: आधी त्यात फुंकायचं, श्वासात दारू आढळली तर गाडी सुरूच होत नाही. आजचा फोन छपरं शाकारणाऱ्या एल साल्वादोरच्या एका गड्याचा. सव्वासातला साइटवर पोचायचंय, मागच्या सीटवर दोन मदतनीस बसलेत, बाहेर डिसेंबरची थंडी, आणि गाडी 'फेल' म्हणतेय.

"आज काहीही घेतलं नाही," तो म्हणतो. खरंच बोलत असतो. मी विचारतो, शेवटचा ग्लास किती वाजता? रात्री एकला.

मग मी त्याला नेहमीचा हिशेब सांगतो. शरीर तासाला साधारण ०.०१५ टक्के या वेगाने रक्तातली दारू जिरवतं. कॉफी घ्या, गार पाण्याने अंघोळ करा, पोटभर अंडी खा, वेग वाढत नाही. रात्री एकला ०.१५ वर असलेला माणूस सकाळी सातला ०.०६ वर असतो. झोप झालेली, दात घासलेले, डबा घेतलेला, आणि तरीही ०.०६. मेरीलँडमध्ये यंत्राची हद्द ०.०२५. म्हणजे साडेनऊच्या आधी ही गाडी हलणार नाही. मदतनिसांपैकी कुणी पीत नसेल आणि लायसन असेल तर त्याने फुंकावं आणि त्यानेच चालवावी. मात्र त्याने फुंकायचं आणि चालवायचं तू, असं केलंस तर वरचा कॅमेरा फोटो काढून ठेवतो.

लोकांना वाटतं हा डबा रात्रीसाठी आहे. बारमधून झोकांड्या खात आलेला माणूस, फुंकर, लाल दिवा, घरी टॅक्सी. तसंही होतं, पण कमी. या यंत्रांच्या नोंदींवर संशोधकांनी काम केलं तेव्हाही हेच दिसलं: नापास फुंकरांची मोठी गर्दी कामाच्या दिवशी सकाळी, घरातून निघायच्या वेळेला. रात्री प्यायलेल्याला आपण प्यायलोय हे निदान ठाऊक तरी असतं. सकाळी तो स्वतःला शुद्धीवर समजतो, आणि मुलांच्या शाळेच्या बसमागे तोच असतो.

८.००

दुकान गेथर्सबर्गला, रूट ३५५ वर. मूळ धंदा गाडीतले स्पीकर, अलार्म, रिमोट स्टार्टर. इंटरलॉक बसवायचं काम अमेरिकेत बहुतेक अशाच दुकानांकडे असतं, कारण गाडीची वायरिंग उकलून पुन्हा बेमालूम मिटवणं आम्हाला जमतं. मी साताऱ्याला आयटीआय करून ट्रॅक्टरच्या डायनॅमोवर हात बसवलेला माणूस. बायकोच्या नोकरीमागे इकडे आलो. आता दिवसाचं अर्धं काम या यंत्रांचं.

आल्या आल्या गॅसच्या नळकांड्यावरची तारीख बघतो. त्यात नायट्रोजनमध्ये मोजून मिसळलेला अल्कोहोल असतो. यंत्राला तो हुंगवायचा आणि आकडा बरोबर येतो का बघायचं. आतला सेन्सर म्हणजे प्लॅटिनमचा लेप असलेली चकती. श्वासातला अल्कोहोल तिच्यावर जळतो, त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह निघतो, जास्त दारू तर जास्त प्रवाह. सिगारेटच्या धुराला किंवा लसणाला ती भुलत नाही. फक्त वापराने हळूहळू थकते, म्हणून दर ३० दिवसांनी प्रत्येकाने दारात यायचं.

८.३० ते ११

येतात. एकामागून एक, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं. हँडसेट काढायचा, गॅस द्यायचा, महिन्याची नोंदवही संगणकात उतरवायची. ती मोटर व्हेइकल ॲडमिनिस्ट्रेशन अर्थात एमव्हीएकडे, म्हणजे इथल्या आरटीओकडे जाते. माझ्या हातात खोडरबर नाही, हे मला रोज कुणाला तरी सांगावं लागतं.

आज एक शाळामास्तर तावातावाने आले. गुरुवारी सकाळी नापास, आणि कारण माउथवॉश. मी नोंद उघडून दाखवली. ७.०२ ला नापास, आकडा चांगलाच वर, ७.१३ ला पुन्हा फुंकलं, शून्य. सर, तुमचंच खरं आहे, म्हटलं. तोंडातला अल्कोहोल दहा-पंधरा मिनिटांत उडून जातो, रक्तातला जात नाही. रक्तात असता तर अकरा मिनिटांनी आकडा जेमतेम हलला असता. यंत्र माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, पण दुसऱ्या फुंकरीवर ठेवतं. म्हणून नापास झालात तर पळू नका, चूळ भरा, थांबा, परत फुंका. घाबरून दार आपटून निघून जाणाऱ्यांची पहिली नोंद तशीच लटकत राहते, मग पत्र येतं.

त्यांच्या मागे एक नर्स. तिची तक्रार सॅनिटायझरची. हाताला चोळून बंद गाडीत लगेच फुंकलं तर त्याची वाफही चकतीला कळते. तिच्यामागे एक पोरगा, त्याच्या नोंदीत 'वीज तोडली' असा शेरा. थंडीने बॅटरी बसली, गॅरेजवाल्याने बदलली, पावती फेकून दिली. आता ती पावती शोधणं हाच त्याचा आठवडा.

११.१५

नवं यंत्र बसवायचं होतं, जोडपं आलं. नवरा बत्तीसेक वर्षांचा, स्वच्छ इंग्रजीत बोलणारा. बायको दाराशीच थांबलेली. फॉर्मवरचं आडनाव वाचलं आणि सवयीने विचारून बसलो, "गाव कोणतं?"

त्याचा चेहराच उतरला. कोर्टात, वकिलापुढे, वर्गात बसून व्हिडिओ बघताना जेवढी लाज वाटली नसेल तेवढी त्या दोन शब्दांनी वाटली. "बारामती," तो म्हणाला. मग खाली बघून, "दादा, आपल्या लोकांत कुठे..."

"दुकानातलं दुकानात राहतं," म्हटलं. "किल्ली द्या."

अशा गाडीवर दोन तास जातात. बटणाने सुरू होणारी असली तर जास्त. डॅशबोर्डखालचं प्लास्टिक उतरवायचं, मल्टीमीटर लावून एकेक वायर ओळखायची. बॅटरीची, अर्थिंगची, इग्निशनची, आणि मुख्य म्हणजे स्टार्टरकडे जाणारी. ती कापून मध्ये रिले बसवायचा. फुंकर पास झाली की रिले जुळतो आणि स्टार्टरला वीज मिळते. एवढंच. चालू इंजिन हे यंत्र कधीच बंद करत नाही, कारण सत्तरच्या वेगाने जाणारी गाडी मध्येच मेली तर प्यालेल्या माणसापेक्षा तीच घातक. हॉर्न आणि दिव्यांचीही एक जोडणी असते, ती कशाला ते पुढे. प्रत्येक सांध्यावर सोल्डर, वर आकसणारी नळी, तिच्यावर नंबर असलेलं सील, आणि त्याचा फोटो. यानंतर कुणी नखाने जरी ते सील खरवडलं तरी मला महिन्याने कळतं.

नवरा शेजारी उभा राहून बघत होता. बोलायला लागला की हे लोक सगळं बोलतात. ऑफिसची पार्टी, घर चार मैलांवर, ०.१२. वकिलाचे पैसे. यंत्राचं भाडंही आपल्याच खिशातून, बसवायचे शंभरेक डॉलर आणि पुढे महिन्याला ऐंशीच्या आसपास. पण त्याला खरी धास्ती व्हिसाची. २०१५ पासून परराष्ट्र खात्याचा दंडक असा की दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, गुन्हा शाबीत नसला, तरी पासपोर्टवरचा व्हिसा रद्द होऊ शकतो. इथे राहून नोकरी करता येते. पण आजी आजारी म्हणून बारामतीला गेलात तर परत यायला नव्याने कॉन्सुलेटची पायरी.

"तिकडे असतो तर दहा हजार भरून सुटलो असतो," तो म्हणाला.

हे मी वरचेवर ऐकतो, म्हणून थांबवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ बघा. पहिल्या खेपेला १० हजार रुपये दंड किंवा सहा महिने कैद, किंवा दोन्ही. आणि मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे इथल्या भाषेत ०.०३. इथली ०.०८. कागदावर आपला कायदा अमेरिकेच्या कितीतरी पुढे आहे. पुढचं तुम्हालाही माहीत आहे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि नंतर आरोप झाला तो रक्ताचा नमुनाच बदलल्याचा. मर्यादा कितीही कडक ठेवा, मोजणारा हात फिरला की संपलं. या डब्याचा मला आवडणारा गुण हाच, की मोजमाप रस्त्यावर, दवाखान्यात, चौकीत होत नाही. किल्ली फिरवायच्या आधी, फोटोसकट होतं.

तो गप्प राहिला. तेवढ्यात बायको आत आली आणि पहिल्यांदा बोलली.

"ही एकच गाडी आहे आमची. डेकेअरला मुलीला मी सोडते. म्हणजे रोज फुंकायचं मी?"

"हो, वहिनी."

"मी आयुष्यात थेंब घेतला नाही."

"यंत्राला माणूस कळत नाही. गाडी कळते."

दुधाने तोंड पोळलं म्हणून आता ताक फुंकून पितोय, असं काहीतरी नवरा हसत पुटपुटला. ती हसली नाही. मीही नाही.

शिकवणं हा या कामातला अवघड भाग. नुसतं फुंकून चालत नाही. आमच्या यंत्राला फुंकता फुंकता घशातून गुणगुण काढावी लागते, हं... असा एकसलग सूर, काही सेकंद. फुगा, पंप, हेअर ड्रायर यांना गुणगुणता येत नाही, म्हणून ही युक्ती. पुरुष बहुतेक सगळे वाढदिवसाची मेणबत्ती विझवायला निघाल्यासारखे फुंकतात आणि यंत्र नाकारतं. तोही तसाच, पुन्हा पुन्हा. तिला पहिल्याच झटक्यात जमलं. हँडसेट त्याच्या हातात देऊन ती म्हणाली, "असं."

मग चालत्या गाडीतली परीक्षा. निघाल्यावर थोड्याच वेळात, आणि पुढे अधूनमधून कधीही, यंत्र बीप करतं. काही मिनिटांची मुदत असते. सिग्नलला थांबा, बाजूला घ्या, फुंका. नाही फुंकलं तर हॉर्न वाजत राहतो, दिवे उघडझाप करतात, आजूबाजूच्या सगळ्यांना कळतं. गाडी बाहेर चालू ठेवून बारमध्ये बसणाऱ्यांसाठी ही सोय आहे, पण ती सोसावी लागते डेकेअरच्या रांगेत उभ्या असलेल्या आईला. आणि एक, मुलगी मागे लागेल मला फुंकू दे म्हणून. देऊ नका. कॅमेऱ्यात तीन वर्षांचं तोंड दिसलं की सरकारी भाषेत त्याला फसवणूक म्हणतात, गंमत नाही.

शिक्षा एकाला आणि रोज फुंकणारी दुसरी, यातला अन्याय मला दिसतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण पर्यायही नाही. लायसनच काढून घ्यायचा जुना उपाय इथे दशकानुदशकं चालला. ज्या गावात बस तासाला एक, तिथे माणूस लायसनशिवाय चालवतो, आणि मग तो प्यालाय की नाही हे बघणारं कुणीच उरत नाही. त्या मानाने या घरात निदान कामावर जाता येईल, मुलगी वेळेवर पोचेल.

१.३०

डबा. पोळी आणि मटकी. पाव आणला नाही, कारण यीस्टचा ताजा पाव तोंडात असताना आमचं चाचणीचं यंत्रसुद्धा मला नापास करतं.

२.००

एका व्हॅनचं सील फाटलेलं. मालक म्हणतो उंदीर. उंदीर सरळ रेषेत कापत नाहीत. भांडलो नाही, फोटो काढला, पाठवला. पुढे काय ते एमव्हीए बघेल.

३.००

रिकामा तास. रिमोट स्टार्टरची दोन गिऱ्हाइकं. थंडीत सगळ्यांना घरात बसून गाडी गरम करायची असते. इंटरलॉकवाल्यांना ती चैन नाही. हँडसेट आधी स्वतः गरम होतो, मग श्वास मागतो. कडाक्याच्या थंडीत तेवढी मिनिटंही युगासारखी.

या डब्याचं वय मला नवख्या गिऱ्हाइकांना सांगायला आवडतं. १९६९ मध्ये बोर्ग-वॉर्नर कंपनीने पहिला नमुना केला. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून प्रयोग सुरू केले. पण सुरुवातीचे सेन्सर धुराला आणि पेट्रोलच्या वासालाही फसायचे. प्लॅटिनमची चकती आल्यावर न्यायाधीशांचा विश्वास बसला. तेव्हाही तो डबा दोन-तीनदा पकडलेल्यांपुरताच. पहिल्याच गुन्ह्याला सक्ती करणारं पहिलं राज्य न्यू मेक्सिको, २००५ मध्ये.

मेरीलँडला जाग यायला एक पोलीस मरावा लागला. डिसेंबर २०१५, हाच रस्ता. आमच्या दारात ३५५ ला फ्रेडरिक ॲव्हेन्यू म्हणतात, काही मैल दक्षिणेला तोच रॉकव्हिल पाइक होतो. नोआ लिओटा, वय २४, माँटगोमरी काउंटीचा पोलीस, सणाच्या दिवसांत प्यालेले ड्रायव्हर पकडायच्या खास पथकात स्वतःहून गेलेला. एक गाडी अडवलेली असताना त्याला उडवलं ते प्यालेल्याच ड्रायव्हरने. आठवड्याने तो गेला. १ ऑक्टोबर २०१६ पासून त्याच्या नावाचा कायदा लागू झाला: दोषी ठरलात तर पहिल्या खेपेला सहा महिने इंटरलॉक, दुसऱ्या खेपेला वर्ष, पुढे तीन वर्षं.

३.४०

यंत्र काढायला एक बाई आल्या, मुदत संपली. काढणं चाळीस मिनिटांचं काम. कापलेली वायर पुन्हा जोडून गाडी होती तशी करून द्यायची. जाताना त्यांनी मला मिठी मारली. या दुकानात मिठ्या फक्त याच कामाला मिळतात.

मला मात्र या दिवसाचीच काळजी जास्त वाटते. यंत्र गाडीत असेपर्यंत पुन्हा पकडलं जाण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटतं, हे अमेरिकेच्या सीडीसीचं म्हणणं. काढल्यावर तो फायदा बराचसा विरून जातो, हेही अभ्यासांतच सापडतं. डबा दारू सोडवत नाही. तो पिणं आणि चालवणं यांच्या मध्ये उभा राहतो, आणि तो हलला की मधली जागा मोकळी. म्हणून काही राज्यांत मुदतीचे शेवटचे महिने स्वच्छ गेल्याशिवाय काढू देत नाहीत, आणि उपचाराची जोड देतात. माझ्या मते तेच बरोबर. कॅलेंडर बघून काढण्यापेक्षा नोंदवही बघून काढावं. सकाळच्या नापास फुंकरी शेवटपर्यंत येत राहिल्या असतील तर त्या माणसाला डॉक्टर हवा आहे. हे नोंदीत वाचायला मला डॉक्टर असावं लागत नाही.

५.००

अंधार पडला. काउंटरवर एक उंच माणूस, पिकअप चालवणाऱ्यांचे असतात तसे बूट. खर्च किती, वेळ किती, कॅमेरा लागतोच का, असं सगळं विचारून घेतलं. एमव्हीएचं पत्र खिशात होतं, यंत्र बसेपर्यंत लायसन निलंबित. "बसने आलो," न विचारता म्हणाला. "बायकोशी बोलून कळवतो."

असे पुष्कळ कळवत नाहीत. या योजनेचं खरं भोक डब्यात नाही, डब्याबाहेर आहे. कुणी म्हणतं गाडीच नाही, कुणी गाडी भावाच्या नावावर करतं. कित्येक वर्षं इथे कोर्ट 'निकालाआधीचं प्रोबेशन' देऊन मोकळं व्हायचं. मग दोषी ठरल्याची नोंद नाही, म्हणून सक्तीही नाही. ती पळवाट बुजवायला नोआच्या वडिलांनी विधानसभेपुढे वर्षानुवर्षं साक्षी दिल्या. देशात २०२३ मध्ये दारू प्यालेल्या ड्रायव्हरांच्या अपघातांत १२,४२९ माणसं गेली. २०२१ च्या कायद्याने नव्या गाड्यांत कारखान्यातूनच काहीतरी बसवायचं ठरलं, नियमांना २०२४ ची मुदत दिली, ती टळली. तोवर कोण बसवतं आणि कोण कळवतो म्हणून जातो, एवढाच प्रश्न.

काचेतून दिसलं. उंच माणूस बस थांब्याकडे गेला नाही. लॉटच्या कडेला उभ्या असलेल्या काळ्या पिकअपकडे गेला, डाव्या बाजूचं दार उघडून बसला, आणि ३५५ ला दक्षिणेकडे वळला. प्यालेला नव्हता, ते मला काउंटरवरच कळलं असतं. लायसन नव्हतं.

मालकाला सांगितलं. तो म्हणाला, आपण पोलीस नाही, आणि अशांना आपण कळवायला लागलो तर उद्या किंमत विचारायलाही कुणी येणार नाही. दोन्ही खरं आहे. तरी मी त्याच्या अर्जाचा कागद फेकला नाही. नाव, नंबर होता. उद्या सकाळी फोन करीन, उद्याची सव्वाअकराची वेळ देऊन बघीन.

तेवढ्यात रिमोट स्टार्टरवाल्या एका बाईंना तीच वेळ हवी होती. त्यांना एकची दिली.